स्क्रीन हिरवी असताना आतला टायर का फाटतो? मोठ्या गाड्यांमधल्या टीपीएमएसवर किती विसंबावं?

आलेला प्रश्न थोडक्यात असा. पुणे–नागपूर मार्गावर बस आणि दोन 14 टायरी ट्रक चालवणाऱ्या एका मालकांनी सगळ्या गाड्यांना टीपीएमएस, म्हणजे टायरमधल्या हवेचा दाब सतत दाखवणारी यंत्रणा, बसवून घेतली. ती बसल्यावर रोज सकाळी गेज लावून हवा तपासायचं बंद झालं. मे महिन्यात समृद्धी महामार्गावर एका बसचा मागचा आतला टायर, म्हणजे एका बाजूला जोडीने असणाऱ्या दोन टायरांपैकी आतल्या बाजूचा, तापून फाटला. ड्रायव्हर सांगतो की त्या टायरला स्क्रीनवर 105 पाउंड (दर चौरस इंचाला, म्हणजे पीएसआय) दिसत होते आणि अलार्म एकदाही वाजला नाही. ठरलेली हवा 115 पाउंड. मालकांचं विचारणं असं: यंत्रणा खोटी आहे का? परदेशात ती सक्तीची आहे, मग आपण तिच्यावर पूर्ण विसंबायला काय हरकत आहे?

वर्णनावरून यंत्रणा नीट चालत होती असंच मला वाटतं. 105 हा आकडा खरा होता, पण तो तापलेल्या टायरमधल्या हवेचा होता. 115 पाउंड ही थंड टायरची हवा असते. या दोन आकड्यांची थेट तुलना केली की फसगत होते, आणि ड्रायव्हरच्या हातात स्क्रीन देताना ही गोष्ट त्याला बहुधा कोणी सांगत नाही.

हिशोब मांडूनच दाखवतो. टायर गरम झाला की आतला दाब वाढतो. 115 पाउंडांच्या टायरमध्ये तापमान 10 अंशांनी वाढलं तर दाब साधारण 4 पाउंडांनी वाढतो. सकाळी 30 अंशांना 115 भरलेला निरोगी टायर भर दुपारी रस्त्यावर आतून 60 अंशांवर गेला, तर स्क्रीनवर 128 च्या आसपास दिसायला हवेत. आता तुमच्या आतल्या टायरकडे या. समजा सकाळी त्यात 90 पाउंडच होते. हवा कमी म्हणून टायर जास्त दबतो, प्रत्येक फेऱ्याला त्याची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, जास्त वाकते, आणि त्या वाकण्यातूनच उष्णता तयार होते. तो 60 वर न थांबता 75 अंशांवर जातो. 90 पाउंडांचा टायर 75 अंशांना किती दाखवेल? 105. म्हणजे 25 पाउंड कमी हवा असलेला टायर स्वतःच्याच तापाने ती कमतरता झाकतो, आणि जितका जास्त आजारी तितकी जास्त झाकतो. 105 पाहून ‘दहाच तर कमी आहेत, नागपूरला गेल्यावर भरू’ असं ड्रायव्हरला वाटलं असेल, तर त्यात त्याची चूक नाही.

अलार्म का वाजला नाही, तेही याच हिशोबात आहे. बाजारातल्या बऱ्याच यंत्रणा कारखान्यातून येताना ठरलेल्या हवेच्या 25 टक्के खाली अलार्म वाजेल अशा लावलेल्या असतात. 115 चे 25 टक्के कमी केले की 86 उरतात. पण मोजणी चालत्या, तापलेल्या टायरची होते. सकाळी 73 पाउंड असलेला टायर 75 अंशांना बरोबर 86 पर्यंत चढतो. 73 पाउंडांवर भरलेली बस हाकणं म्हणजे काय, हे टायरचं काम करणाऱ्या कोणालाही विचारा. काही महाग यंत्रणा तापमान वजा करून थंड टायरचा आकडा दाखवतात. तुमची त्यातली आहे का, हे विक्रेत्याकडून आधी स्पष्ट करून घ्या. बहुतेकांची नसते.

आता परदेशातल्या सक्तीबद्दल. अमेरिकेत फायरस्टोन टायर आणि फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांच्या अपघातांनंतर 2000 साली कायदा झाला आणि पुढे 2007 पासून नव्या गाड्यांना टीपीएमएस सक्तीची झाली. पण ती 10,000 पाउंड, म्हणजे साधारण साडेचार टन वजनापर्यंतच्या गाड्यांना, आणि त्यातही एका एक्सलवर जोडटायर असलेल्या गाड्या वगळून. थोडक्यात, तुमची बस आणि ट्रक तिथेही त्या नियमात आले नसते. युरोपने मोठ्या गाड्यांचा विचार केला, पण खूप उशिरा: नव्या ट्रक, बस आणि जड ट्रेलरना जुलै 2024 पासून ही यंत्रणा सक्तीची आहे आणि तिथे इशाऱ्याची मर्यादा 20 टक्के घटीची आहे. आपल्याकडे 2020 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली ती साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांपुरती. लहान गाडीत टीपीएमएस आणि टायर दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालेल, असा तिचा आशय. मोठ्या गाडीच्या मालकाला या कायद्यांवरून धीर यावा असं त्यात काही नाही. कायदा धोक्याची शेवटची रेघ ठरवतो. टायरचं आयुष्य त्या रेघेच्या बरंच आधी संपायला लागलेलं असतं.

ते कसं, ते सांगतो. टायरच्या धंद्यात जगभर एक नियम पाळला जातो: ठरलेल्या हवेच्या 80 टक्क्यांखाली चाललेला टायर ‘कमी हवेवर चाललेला’ समजायचा आणि रिमवरून उतरवून आतून पाहिल्याशिवाय पुन्हा फुगवायचा नाही. 115 चे 80 टक्के म्हणजे 92. तुमचा अलार्म 86 ला वाजणार होता. म्हणजे तो वाजला असता तरी टायर आधीच संशयित झालेला असता.

म्हणून पहिलं काम सेटिंग बदलायचं. मी पहिला इशारा 10 टक्क्यांवर ठेवतो, म्हणजे 115 ला साधारण 104, आणि दुसरा, मोठ्या आवाजाचा, 92 वर. तापमानाचा अलार्म 80 ते 85 अंशांच्या दरम्यान. जास्त दाबाचा अलार्म मात्र 140 च्या खाली कधीही नको. विदर्भातल्या उन्हाळ्यात निरोगी टायरही 130 च्या पुढे जातो. अलार्म 125 ला लावला तर तो रोज वाजेल, आणि कोणीतरी ढाब्यावर उतरून व्हॉल्व्हची पिन दाबून हवा सोडेल. गरम टायरमधून हवा सोडणं हा सर्वांत घातक उपाय आहे: संध्याकाळी टायर थंड झाला की तो 100 च्या आसपास आलेला असतो, दुसऱ्या दिवशी त्यामुळेच आणखी तापतो, आणि पुन्हा हवा सोडली जाते. ड्रायव्हरला एवढं एक वाक्य पाठ असू द्या की गरम टायरची हवा कमी करायची नाही.

पण सेटिंग बदलूनही तुमचा तो 105 चा टायर सुटलाच असता, कारण 105 हे 104 च्या वर आहेत. तो पकडायचा मार्ग वेगळा आहे, आणि माझ्या मते मोठ्या गाडीत टीपीएमएसचा खरा उपयोग तिथेच आहे. टायर त्याच्या जोडीदाराशी ताडून पाहायचा. त्या दुपारी बाहेरचा टायर 128 च्या आसपास दाखवत असणार आणि आतला 105. एकाच हबवर, एकाच ब्रेकजवळ, एकाच रस्त्यावर फिरणाऱ्या दोन टायरांमध्ये 23 पाउंडांचा फरक! थंड असताना जोडीत पाच पाउंडांपेक्षा जास्त फरक नसावा. चालताना तो दहावर गेला की थांबून पाहायचं. तापमानही तसंच ताडायचं: एक टायर बाकीच्यांपेक्षा 15 अंशांनी गरम असेल तर एक तर हवा कमी आहे, नाही तर त्या चाकाचा ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग जातंय. घाट उतरल्यावर थोडा वेळ आकडे वर जातात, ते सोडून द्या. सपाटीला वीस मिनिटं चालल्यावरचे आकडे बघा. पार्किंगमध्ये गाडीची एक बाजू उन्हात असेल तर त्या बाजूला चार-सहा पाउंड जास्त दिसतात, त्यानेही दचकू नका. जोडीतल्या फरकाचा अलार्म देणाऱ्या यंत्रणा मिळतात. नवी घेताना मी तीच गोष्ट आधी विचारतो, स्क्रीनचा आकार आणि रंग नंतर.

जोडटायरबद्दल एवढं बोलायचं कारण भाराचा हिशोब. 2018 पासून आपल्याकडे चार टायरच्या एका एक्सलला साडेअकरा टनांची परवानगी आहे. म्हणजे पूर्ण भारात प्रत्येक टायरवर 2875 किलो. 295/80 आर 22.5 या टायरवर 152/148 असा भारांक छापलेला असतो. त्याचा अर्थ, एकटा असेल तर 3550 किलो आणि जोडीत असेल तर 3150 किलो, तेही पूर्ण हवेवर. जोडीतल्या एकाची हवा गेली की दुसऱ्यावर 5750 किलो येतात. ‘आतला बसलाय, पण बाहेरच्यावर नेऊ पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत’ ही आपल्या रस्त्यांवरची फार जुनी सवय आहे, आणि तिच्यात दोन टायर जातात. बसमध्ये त्याहून वाईट घडू शकतं. बसलेला टायर दोन्हीकडून चिरडत, घासत फिरतो आणि पेट घेण्याइतका तापतो. गाडी थांबली की वाऱ्याने होणारं थंड होणंही थांबतं, त्यामुळे आग कधी कधी गाडी उभी केल्यावर लागते. आतल्या टायरचा अलार्म वाजला आणि रबराचा वास येत असला, तर प्रवासी आधी उतरवायचे, चाकाकडे नंतर जायचं आणि जाताना हातात अग्निशामक घ्यायचा.

आता सकाळच्या गेजचा प्रश्न. ते बंद करू नका, असंच माझं स्पष्ट उत्तर आहे. टायरमधली खरी हवा फक्त थंड असताना कळते, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर. मग त्या वेळी स्क्रीनच बघितली तर? इथे एक गोम आहे. रिमवर आत बसवलेले बरेच सेन्सर बॅटरी वाचवायला गाडी उभी असताना झोपतात आणि चाक फिरू लागलं की जागे होतात. सकाळी डेपोत चावी फिरवल्यावर जे आकडे दिसतात ते कधी कधी काल रात्री गाडी उभी करतानाचे, म्हणजे गरम टायरचे असतात. रात्रीतून खिळ्याने हवा उतरली असेल तर ती पहिल्या दोन-तीन किलोमीटरांत कळेल, निघण्याआधी नाही. तुमच्या यंत्रणेचं काय होतं ते एकदा करून बघा: उभ्या गाडीच्या एका टायरमधून दहा पाउंड सोडा आणि स्क्रीनवरचा आकडा बदलतो का पाहा. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यातून तुमच्या यंत्रणेची जात कळते.

क्लीनर टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, टायर ठोकून आवाजावरून हवा सांगतो, त्यावरही जाऊ नका. पूर्ण बसलेला टायर त्यातून कळतो. 115 आणि 85 यांतला फरक भल्याभल्यांना कळत नाही. लांब दांड्याचं, दुतोंडी चिमट्याचं गेज घ्या, म्हणजे आतल्या टायरच्या व्हॉल्व्हपर्यंत हात न कापता पोचता येतं. आतला टायर दुर्लक्षित राहतो तो आळसापेक्षा व्हॉल्व्ह हाताला येत नाही म्हणून. चाक लावताना आतल्या आणि बाहेरच्या टायरचे व्हॉल्व्ह समोरासमोर, रिमच्या खिडकीत येतील असे बसवले की निम्मं भांडण मिटतं. ऑफिसमध्ये एक चांगलं गेज वेगळं ठेवा, ते रोज वापरायचं नाही, बाकीची गेज आणि सेन्सर महिन्यातून एकदा त्याच्याशी ताडून बघायचे. चांगल्या सेन्सरमध्ये दोन-तीन पाउंडांचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर तो बदला.

तुमच्या बस ट्यूबलेस आहेत, पण ट्रकचे टायर 10.00 आर 20 चे, ट्यूब आणि फ्लॅपवाले (फ्लॅप म्हणजे ट्यूब आणि रिम यांमधली रबरी पट्टी) असतील, तर तिथे सेन्सर रिमच्या आत बसत नाही. व्हॉल्व्हवर टोपीसारखा बाहेरून लावायचा सेन्सरच वापरावा लागतो. तो वाईट नाही, पण त्याचे तीन स्वभाव माहीत असू द्या. एक, तो व्हॉल्व्हची पिन कायम दाबून धरतो. म्हणजे हवा अडवायचं काम आता सेन्सरच्या रबरी वायसरवर आलं. तो फुटला किंवा सैल झाला तर हवा जाते. लावल्यावर प्रत्येक व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे बघितल्याशिवाय गाडी सोडू नका. दोन, त्याच्या वजनाने लांब एक्स्टेन्शन थरथरतं आणि सैल होतं. धातूचं एक्स्टेन्शन आणि त्याला आधाराची पट्टी हवी, लवचिक रबरी नळी नको. तीन, तो तापमान सांगतो ते व्हॉल्व्हच्या टोकाचं, जिथे वारा लागतो. टायरच्या आत 75 असताना तो 50 दाखवू शकतो. म्हणून टोपीवाल्या सेन्सरचं तापमान फक्त एकमेकांशी ताडायला वापरा, आकडा म्हणून नको, आणि वर सांगितलेला 80–85 चा अलार्म त्याच्या भरवशावर सोडू नका.

आणखी एक गोष्ट रोज घडते आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. वाटेत पंक्चर झालं, स्टेपनी लागली, मुक्कामावर टायर फिरवले. सेन्सर टायरबरोबर किंवा रिमबरोबर दुसऱ्या जागी गेले, पण स्क्रीनवर जागा जुनीच राहिली. मग अलार्म ‘मागे डावा आतला’ म्हणून वाजतो, ड्रायव्हर उतरतो, तो टायर घट्ट असतो, यंत्रणेला शिव्या घालून गाडी पुढे जाते, आणि खरी हवा पुढच्या उजव्या टायरची जात असते. पुढचा टायर म्हणजे स्टिअरिंग. टायरची जागा बदलली की त्याच दिवशी यंत्रणेत जागा बदलायची, आणि कुठला सेन्सर कुठे आहे हे खडूने का होईना, चाकावर लिहायचं. स्टेपनीतही सेन्सर हवा. ट्रेलर असेल तर मागच्या चाकांचा सिग्नल केबिनपर्यंत पोचवायला मध्ये रिपीटर लागतो, तो नसला की मागची चाकं अधूनमधून स्क्रीनवरून गायब होतात. सिग्नल गेलेल्या टायरला ‘ठीक आहे’ समजू नका. माहिती नाही म्हणजे थांबल्यावर गेज लावायचं.

ड्रायव्हरला अलार्मचा कंटाळा येऊ देऊ नका, कारण एकदा त्याने आवाज बंद केला की यंत्रणेवर घातलेले पैसे वाया गेले. चुकीचे अलार्म आठवडाभरात दुरुस्त करा. आणि नोंदींवरून ड्रायव्हरला दंड लावू नका. ज्या दिवशी दंड लागेल त्या दिवसापासून स्क्रीनची वायर सैल व्हायला लागते. अलार्म वाजला म्हणून थांबल्यामुळे उशीर झाला, तर त्याबद्दल त्याला एक शब्द ऐकावा लागणार नाही, एवढी खात्री मालकाने द्यायला हवी.

चालत्या गाडीत अलार्म वाजला तर काय करायचं, हेही त्याच्याशी बोलून ठेवा. आकडा हळूहळू उतरत असेल तर वेग कमी करून जवळची सुरक्षित जागा गाठायची, समृद्धीच्या कडेला रात्री गाडी लावून चाकाशी बसायचं नाही. आकडा झरझर उतरत असेल आणि टायर पुढचा असेल तर ब्रेकवर पाय मारायचा नाही: स्टिअरिंग घट्ट सरळ, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून हळू उचलायचा, गाडी स्वतःहून मंद होऊ द्यायची.

यंत्रणेला काय दिसत नाही, ते थोडक्यात. गोटा झालेला टायर तिला दिसत नाही. परिवहन विभागाने 2023 मध्ये समृद्धीच्या प्रवेशाजवळ टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या होत्या. त्यांतल्या कोणत्याही टायरची हवा पूर्ण असू शकते. साइडवॉलचा फुगा, जोडीत अडकलेला दगड, सुटत चाललेलं रिमोल्डचं, म्हणजे जुन्या टायरवर नव्याने चढवलेलं, रबर, सैल नट, आठ वर्षांचं कडक झालेलं रबर, हे सगळं डोळ्यांनी आणि हातानेच कळतं. गेज लावायला खाली वाकलेला माणूस हे बघतो, हा गेजचा आणखी एक फायदा. खड्ड्यात आदळून किंवा लोखंडाने चिरून टायर एका क्षणात गेला, तर अलार्म आणि आवाज बरोबरच येतात.

आता लगेच करायचं एक काम. फाटलेल्या टायरचा बाहेरचा जोडीदार अजून त्याच बसवर असेल तर ती बस उद्या मार्गावर पाठवू नका. आतला फाटला त्या क्षणापासून गाडी थांबेपर्यंत, आणि त्याआधीही आतला दबून चालला होता तेव्हा, जादा भार याच टायरने उचलला आहे. गाडीवर असतानाच त्याची हवा पूर्ण सोडा, मग चाक काढा, टायर रिमवरून उतरवा आणि आतून हात फिरवा. आतलं अस्तर सुरकुतलेलं, निळसर-काळं पडलेलं, मऊ झालेलं किंवा साइडवॉलवर गोल पट्टा उमटलेला दिसला तर तो भंगारात जाऊ द्या, नक्षी कितीही शिल्लक असली तरी. अशा टायरच्या साइडवॉलमधल्या पोलादी तारा आतून एकेक तुटलेल्या असू शकतात, आणि पुन्हा हवा भरताना ती साइडवॉल पिशवीच्या चेनसारखी एका झटक्यात उघडते. समोर बसलेला माणूस त्यात वाचत नाही. म्हणून टायर चांगला निघाला तरी हवा भरायची ती लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, नळीला अडकणारी क्लिप लावून, गेज आणि कॉक हातात घेऊन, साइडवॉलच्या समोरून बाजूला उभं राहून. तुमच्या पंक्चरवाल्याकडे पिंजरा नसेल तर हे काम ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच न्या.